नाजूक प्रकृती

१७ सप्टेंबर १९९४, ओर्नेकूर

दोन महिने इथे राहायचं ठरवून आले आहे. आईच्या घरी, माझ्याच जुन्या खोलीत. तिथे आता तिचं इस्त्रीचं टेबल असतं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण पॅरिसच्या ग्रंथालयात बसून लिहिता येणार नाही, असं माझा मार्गदर्शक वाल्मोरेल म्हणाला. "मैदानात उतर," म्हणाला. मैदान म्हणजे माझं गाव, बंद पडलेली ॲस्बेस्टॉसची गिरणी आणि तिथे आयुष्य काढलेल्या बायका.

(तो मला 'सर' म्हणू देत नाही. पहिल्याच भेटीत म्हणाला, "अहो-जाहो सोड. इथे कुणी कुणाच्या डोक्यावर बसलेलं नाही." मला जमायला सहा महिने लागले. आमच्या गावात डॉक्टर, पाद्री आणि गिरणीचा साहेब यांना 'तू' म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे.)

आईने दारातच विचारलं, "एवढीच बॅग?" मग बटाट्याचं सूप वाढलं. तिचं वजन उतरलंय. विचारलं तर म्हणाली, "एकटीसाठी कोण रांधत बसतं?"

२२ सप्टेंबर

गुरुवार. चर्चमागच्या खोलीत समितीची बैठक. समिती म्हणजे एकोणीस बायका आणि तीन पुरुष. तिन्ही पुरुष आजारी, बायकांतल्या अकरा विधवा. त्यांचं म्हणणं एकच: आमच्या नवऱ्यांना आणि आम्हाला झालं ते गिरणीच्या पांढऱ्या कापसामुळे, म्हणजे ॲस्बेस्टॉसमुळे झालं, हे विमा खात्याने कागदावर मान्य करावं. कामामुळे होणाऱ्या आजारांच्या तीस नंबरच्या सरकारी तक्त्यात हा आजार आहे. त्या तक्त्यात आपली नावं बसावीत. खातं म्हणतं पुरावा आणा. गिरणी म्हणते, हे लोक सिगारेटी ओढायचे.

समितीची अध्यक्ष रेमोंद मावशी. आईची शेजारीण. पिंजण खात्यात सव्वीस वर्षं होती. मला पाहून सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं पॅरिसकरीण, आम्हाला बघायला आलीस? तिकीट लावू का दाराशी?"

मी सांगितलं की मी अभ्यास करतेय. समितीतल्या युगेतने विचारलं, कसला? मी जरा अडखळले. म्हटलं, त्याला उत्तर-आधुनिक विचार म्हणतात. मोठ्या लोकांनी सांगितलेली एकच मोठी गोष्ट खरी असं आपण धरून चालतो. पण ती गोष्ट कोण सांगतंय, कुणाला बोलू देत नाहीये, शब्द कुणी ठरवले, हे विचारायचं. आजारालाही नाव कुणीतरी देतं. नाव देणाऱ्याच्या हातात सत्ता असते.

मग रेमोंद मावशी म्हणाली, "हे शिकायला नऊ वर्षं लागली तुला? आम्हाला गिरणीत पहिल्या आठवड्यात कळलं."

हसल्या सगळ्या. मीही हसले, पण घरी येताना आईवर चिडले. ती सर्वांत जास्त हसली होती. हसता हसता तिला खोकला आला आणि बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

४ ऑक्टोबर

मोठी गोष्ट घडली.

युगेत गिरणीच्या दवाखान्यात झाडलोट करायची. गिरणी बंद झाली त्या आठवड्यात दवाखान्याची अकरा रजिस्टरं कचऱ्यात टाकली होती. तिने ती सायकलच्या टोपलीतून तीन खेपांत घरी आणली. का आणलीस विचारलं तर म्हणाली, "मागची पानं कोरी होती." नातवंडांनी त्यांत चित्रं काढली आहेत. समितीच्या वकील सिमोनेबाईंनी ती पूर्वी चाळून परत दिली होती, कारण त्यांत 'ॲस्बेस्टॉस' हा शब्द एकदाही नाही.

मी ती घरी आणली आणि वाल्मोरेलने शिकवलं तसं वाचायला लागले. कागद काय म्हणतो ते बघायचं नाही, कागद माणसांचे गट कसे पाडतो ते बघायचं. डॉक्टरने प्रत्येक तपासणीपुढे एक शेरा मारलाय: ठणठणीत. सर्दी. धूम्रपानी खोकला. आणि काही ठिकाणी, 'नाजूक प्रकृती'.

१२ ऑक्टोबर

आठ दिवस दुसरं काही केलं नाही. सगळी नावं कार्डांवर उतरवली. दोनशे चौदा बायका. त्यांतल्या एकसष्ट जणींपुढे 'नाजूक प्रकृती'. त्या एकसष्टांपैकी अठ्ठावन्न पिंजण खात्यातल्या! ऑफिसातली एकही बाई नाजूक नाही. स्वयंपाकघरातली नाही. आणि हा शेरा पडला की त्या बाईची सहा महिन्यांच्या आत कमी धुळीच्या बांधणी खात्यात बदली. दर वेळी.

म्हणजे डॉक्टरला माहीत होतं. त्याने आजाराला नाव द्यायचं टाळलं आणि बाईला नाव दिलं. धूळ वाईट नव्हती, बाई नाजूक होती!

आज बैठकीत हे वाचून दाखवलं. मग रेमोंद मावशी उठून उभी राहिली. "मी? नाजूक? पन्नास किलोची पोती मी एकटी उचलायचे! माझा नवरा मला घाबरायचा!" एक क्षण हशा, आणि मग ती खाली बसून रडायलाच लागली. मला जवळ ओढलं, माझं डोकं तिच्या स्वेटरवर दाबलं. म्हणाली, "पोरी, तुझी नऊ वर्षं फुकट गेली नाहीत."

सिमोनेबाई म्हणाल्या, हा पुरावा आहे. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून तो शब्द आला.

रात्रीच्या जेवणाला आईला विचारलं, तुझं नाव बघायचंय? १९६७ च्या रजिस्टरात आहे. 'व्हासर, जर्मेन. नाजूक प्रकृती.' आई बटाटे सोलत होती. "आणखी काय लिहिलंय?" "काही नाही." "बरं," म्हणाली आणि सोलत राहिली. मला वाटलं होतं, तिला जरा आनंद होईल.

२० ऑक्टोबर

मुलाखती सुरू केल्या. टेपरेकॉर्डर, स्वयंपाकघरातलं टेबल, चिकोरी घातलेली कॉफी. आधी प्रत्येकीला सांगितलं: कॅसेट माझ्याकडेच राहील. युगेतने दोनदा विचारलं. दोनदा सांगितलं.

रेमोंद मावशीची मुलाखत अडीच तास. सगळं सरळ नाहीच. मध्येच म्हणाली, "गिरणीत मी सुखी होते, बघ. इथल्यापेक्षा तिथे जास्त हसलो असू. शुक्रवारी त्या कापसाचे गोळे एकमेकींना मारायचो, बर्फासारखे." मग नवऱ्याबद्दल म्हणाली, "मार्सेलचं मात्र मला खरंच ठाऊक नाही. तो पाइप ओढायचा. कधी कधी वाटतं, पाइपनेच गेला असेल." मग, "हे तेवढं लिहू नकोस." मी टेप बंद केली. पण तोवर बोलून झालं होतं.

१५ नोव्हेंबर

प्रकरण लिहून होतंय. वाल्मोरेलशी फोनवर बोलले. तो फार खूश आहे. म्हणाला, "रजिस्टराचा भाग चांगला आहे, पण तिथेच थांबू नकोस. डॉक्टरने जसे गट पाडले तशी समितीही गट पाडते ना? 'बळी' हाही एक साचाच. त्यात बायका स्वतःला कशा ओततात ते दाखव. नाहीतर एक महाकथन मोडून तू दुसरं उभं करशील."

किती बरोबर आहे हे! मी गावची आहे म्हणून भाबडी झाले होते. दोन दिवस बसून नवा भाग लिहिला. एक वाक्य मला स्वतःलाच आवडलं: 'बळी ही भूमिका आधी लिहिली जाते, शरीर तिच्या मागून येऊन उभं राहतं.'

त्याने कॅसेटही मागितल्या. क्षणभर थबकले. पण वाल्मोरेल म्हणजे काही बाहेरचा नव्हे. मार्गदर्शक म्हणजे मीच, जरा जास्त शहाणी. प्रती न काढता मूळ कॅसेटच पाठवल्या, रजिस्टरांच्या छायाप्रतींसोबत.

आई पोस्टापर्यंत सोबत आली नाही. हल्ली चढावर येत नाही ती. आळशी झालीये.

११ जानेवारी १९९५, पॅरिस

वाल्मोरेलच्या खोलीत गेले तेव्हा एक करड्या सुटातला गृहस्थ निघत होता. फार सभ्य. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "अच्छा, तुम्हीच का त्या?" टेबलावर माझं प्रकरण उघडं पडलेलं, समासात पेन्सिलीच्या खुणा. माझं वाक्य दोनदा अधोरेखित! वाल्मोरेलने ते चर्चासत्रात वाचून दाखवलंय म्हणे.

त्याने मला जेवायला नेलं. 'जोखीम आणि समाज' असं नवं अभ्यासकेंद्र निघतंय, तो संचालक होईल. "माणसं लागतील," म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काटा खाली ठेवला. मग बऱ्याच गोष्टी विचारल्या त्याने. खटला कधी उभा राहणार? तुमची वकील कोण? ती रजिस्टरावर किती भर देणार? खटल्यात त्याला एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं. पुस्तकी माणूस म्हणतात त्याला लोक, उगाच.

२६ फेब्रुवारी

आईचं पत्र. चार ओळी. डॉक्टरने छातीतून पाणी काढलं, "पुष्कळ होतं, बादली भरून." आता बरं वाटतंय. ईस्टरला येशील का? उत्तर लिहिलं: प्रकरण संपवून नक्की येईन. थंडीत तिला नेहमीच असं काहीतरी होतं.

६ एप्रिल

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी सिमोनेबाईंचा फोन. "ओदिल, गिरणीच्या वकिलांनी कागद दाखल केलेत. त्यांत एक तज्ज्ञाचा अभिप्राय आहे. तुम्ही ताबडतोब या." आवाज असा, की मी विचारलं नाही कुणाचा ते. गाडीत बसून लीलला, त्यांच्या कचेरीत गेले. त्यांनी माझ्यापुढे एक्केचाळीस पानं ठेवली. पहिल्या परिच्छेदातच ओळखलं. त्या लयीत वाक्य लिहिणारा दुसरा माणूस नाही. सही बघायला शेवटच्या पानावर जायची गरजच नव्हती, तरी गेले. ऑलिव्हिए वाल्मोरेल.

शांतपणे लिहिलंय सगळं. आजार नाही असं तो कुठेच म्हणत नाही. तो म्हणतो, 'आजाराची कहाणी' अनेक प्रकारे सांगता येते आणि समितीची कहाणी त्यांतली एक. स्मृती बैठकांमधून घडत जाते. 'नाजूक प्रकृती' या शेऱ्याला एकच अर्थ चिकटवणं हा वाचणाऱ्याचा आग्रह आहे, आणि वाचणारी स्वतः एका कामगाराची मुलगी आहे. मग रेमोंद मावशीचे शब्द, अवतरणचिन्हांत: 'गिरणीत मी सुखी होते.' 'पाइपनेच गेला असेल.' तारीख, कॅसेटचा क्रमांक.

पान एकोणतीस: 'समितीच्या जवळच्या संशोधिकेनेच मान्य केल्याप्रमाणे,' आणि पुढे माझं वाक्य. पुरं. स्वल्पविरामासकट.

सिमोनेबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. "हे तुम्ही लिहिलंत?" "हो." "आणि कॅसेट?" "मी दिल्या." त्या खिडकीकडे गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

८ एप्रिल, पॅरिस

गेले त्याच्याकडे. त्याला मी येणार हे माहीत होतं. चहा तयार होता.

"बस. तू रागावलीयेस."

मी उभीच राहिले. "तुम्ही मला सांगितलंत का?"

"हे 'तुम्ही' कधीपासून?"

"आजपासून."

त्याने उसासा टाकला. खरंच वाईट वाटलं असावं त्याला, हेच सगळ्यांत वाईट. म्हणाला, "हे बघ, मी कुणाच्याही बाजूने नाही. मला एक प्रश्न विचारला गेला, मी विचार करून उत्तर दिलं. तू हेच हत्यार डॉक्टरच्या रजिस्टरावर चालवलंस तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. तेच मी समितीवर चालवलं. ते एकाच बाजूने कापतं असं वाटलं होतं का तुला?"

"त्या बायका मरतायत."

"मरतायत, हे मी नाकारत नाही. कशाने, हे सांगणारी भाषा कुणाची, एवढंच मी विचारतोय. आणि ते तूच लिहिलंयस, ओदिल. माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंयस."

मी कॅसेट परत मागितल्या. त्या गिरणीच्या वकिलाकडे आहेत, म्हणाला. जिना उतरताना कळलं की मी त्याचे आभार मानून निघाले होते, सवयीने.

१३ एप्रिल, ओर्नेकूर

बैठक. सिमोनेबाईंनी मला येऊ नका म्हणून सुचवलं होतं. गेले.

रेमोंद मावशीने अभिप्राय मोठ्याने वाचला. ती हळू वाचते, बोट ठेवून. पाइपच्या वाक्याशी आली तेव्हा थांबली. तिने ते मनात वाचलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं. मग एकोणतिसावं पान. 'बळी ही भूमिका आधी लिहिली जाते...'

युगेत म्हणाली, "म्हणजे आम्ही नाटक करतोय?"

मी म्हटलं, तसा अर्थ नाही त्याचा. संदर्भ वेगळा होता. एका प्रकरणात एक सैद्धांतिक...

"ओदिल," रेमोंद मावशी म्हणाली, "मी तुला म्हटलं होतं, हे तेवढं लिहू नकोस."

"मी लिहिलं नव्हतं, मावशी."

"नाही. तू पाठवलंस."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत कोट न काढता बसली होती. कुणाकडेच पाहिलं नाही तिने. परत येताना बेकरीच्या ओट्यावर बसली, म्हणाली, "जरा दम खाते." दोनशे मीटरही झाले नव्हते. मी तिच्या ओठांकडे पाहिलं. निळसर होते. किती दिवसांपासून निळे आहेत ते?

१४ एप्रिल

आईच्या खणात क्ष-किरणांचं मोठं पाकीट सापडलं. तारीख १९ ऑगस्ट. मी येण्याच्याही महिनाभर आधीची. आत अहवाल. फुफ्फुसाच्या आवरणावर गाठी, संशयास्पद.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू कामासाठी आली होतीस." मग जरा वेळाने, "तू रोज सगळ्यांना विचारायचीस, बाई, तुमचं सांगा. मला वाटलं, एक दिवस माझ्याकडे येशील टेप घेऊन."

एकोणीस बायकांपैकी अठरा जणींची मुलाखत घेतली मी. आईची राहूनच गेली. घरचीच होती ना, कधीही घेता आली असती.

२३ मे

सुनावणी. छोटी खोली, ट्यूबलाइट, तीन न्यायाधीश. गिरणीच्या वकिलाने मला उभं केलं आणि विचारलं, हे वाक्य आपलं?

"माझं."

"आजही आपण त्याच्याशी सहमत आहात?"

रात्रभर पाठ केलेलं उत्तर होतं, पाऊण पानाचं. ते बाहेर आलंच नाही. मी म्हटलं, "नाही. ते लिहिलं तेव्हा आईचा क्ष-किरण अहवाल त्याच घरात, तिच्या खणात होता. मी पाहिला नव्हता."

"म्हणजे आपलं मत भावनेपोटी बदललं." त्याने टिपून घेतलं. "आणि रजिस्टराचा अर्थ आपणच लावलात? त्याच पद्धतीने?"

"त्याच."

"एक चूक आणि एक बरोबर, हे कोण ठरवणार, मादाम?"

समोर रेमोंद मावशी हातातली पर्स घट्ट धरून बसली होती. न्यायाधीशांनी वैद्यकीय पुराव्याअभावी निकाल राखून ठेवला. शेरे पुरेसे नाहीत, म्हणाले. शेऱ्याचा अर्थ लावता येतो. शरीरातून काही आणा.

२ जुलै

विद्यापीठाला पत्र टाकलं, मार्गदर्शक नको म्हणून. मग आईचे पाय चोळले, सुजलेत. तिने डोळे मिटून विचारलं, "तो तुझा प्रोफेसर वाईट माणूस होता का गं?"

म्हटलं, माहीत नाही. मला आजही ठरवता येत नाही. त्याने शिकवलं नसतं तर ती रजिस्टरं पुन्हा कचऱ्यात गेली असती. हे मी नाकारू शकत नाही आणि त्याचाच राग येतो. डॉक्टरच्या शब्दामागे काय आहे असं विचारलं तेव्हा एकसष्ट बायका बाहेर आल्या. बायकांच्या खोकल्यामागे काय आहे असं त्याच सुरात विचारलं, तर मागे फुफ्फुसच आहे. तिथे पोचल्यावर प्रश्न थांबवायला हवा होता. थांबायचं कुठे, हे त्याने शिकवलं नाही. मीही विचारलं नाही. विचारण्यात इतकी मजा होती.

९ ऑक्टोबर

आईला आता पलंगावर बसूनच झोपावं लागतं. रेमोंद मावशी रोज दुपारी येते. माझ्याशी कामापुरतं बोलते: सूप गरम कर, खिडकी उघड. मी आत असले की दोघी पत्ते खेळतात. मी बाजारात गेले की काहीतरी बोलतात. दार उघडताच गप्प होतात. मला वाटतं, माझ्याचबद्दल बोलत असतील. बोलू देत.

१८ नोव्हेंबर

आई काल सकाळी गेली. नऊ वाजून गेले होते, बाहेर कचऱ्याची गाडी उभी होती. मी तिचा हात धरला होता. शेवटचे दोन दिवस ती फक्त श्वास घेत होती, दुसरं काही करायला तिच्याकडे उरलंच नव्हतं.

दहा वाजता रेमोंद मावशी आली. आईच्या कपाळाला हात लावला, क्रूस काढला आणि पर्समधून एक कागद काढला. इस्पितळाची गाडी बोलावली आहे, म्हणाली. शवविच्छेदनाची.

कागद आईच्या अक्षरातला. 'माझ्या मृत्यूनंतर माझी फुफ्फुसं काढून तपासावीत व अहवाल समितीच्या वकिलांना द्यावा. माझ्या देहाबाबतचे सर्व निर्णय माझी शेजारीण रेमोंद देलप्लांक घेईल.' तारीख १४ एप्रिल. बैठकीच्या दुसऱ्या दिवसाची.

"मी तिची मुलगी आहे," मी म्हटलं. "मला का नाही सांगितलं?"

रेमोंद मावशी चादरीच्या सुरकुत्या सरळ करत होती. "मी विचारलं होतं तिला. म्हणाली, ओदिलला सांगितलं तर ती त्याचा अर्थ काढत बसेल."

मी बाहेर अंगणात गेले. त्यांनी तिला नेलं तेव्हा मी अंगणातच होते.

६ मार्च १९९६

अहवाल आला. सिमोनेबाईंनी फोनवर वाचून दाखवला. वाळवलेल्या फुफ्फुसाच्या एका ग्रॅममध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू किती, तो आकडा. आकडा इतका मोठा, की मी दोनदा विचारला. आईने पाइप कधी ओढला नाही, सिगारेट कधी ओढली नाही. शिवाय रजिस्टरात तिच्याच नावापुढे तो शेरा आणि सहा महिन्यांत बदली. दोन्ही आता एकमेकांशेजारी ठेवता येतात, म्हणाल्या. डॉक्टरने काय पाहिलं होतं ते आता दाखवता येतं.

फोन ठेवला. स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं.

२१ मे

निकाल. पिंजण खात्यातल्या चौदा बायका आणि दोन पुरुषांना तक्त्यात घेतलं. मार्सेलला नाही. रेमोंद मावशीच्याच शब्दांचा आधार घेऊन नाही म्हटलंय, कॅसेट क्रमांक सात. तिचं स्वतःचं नाव आहे, नवऱ्याचं नाही.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर सगळ्या एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मी खालीच उभी राहिले. रेमोंद मावशी मला ओलांडून बसकडे गेली.

१४ जुलै

राष्ट्रीय दिनाच्या बँडचे आवाज येतायत. सरकार ॲस्बेस्टॉसवर बंदी आणणार, असं पेपरात आलंय. 'जोखीम आणि समाज' केंद्राच्या उद्घाटनाचं निमंत्रणही आलं. छापील, माझं नाव चुकवून. फाडलं नाही. त्यावर किराण्याची यादी लिहिली.

दुपारी दार वाजलं. रेमोंद मावशी. वर्षभरात पहिल्यांदा माझ्यासाठी. पायऱ्या चढून धाप लागली होती, बोलायला वेळ लागला तिला. मी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"नदीपलीकडच्या गिरणीतल्या बायका आल्या होत्या," म्हणाली. "त्यांच्याकडेही रजिस्टरं आहेत. तळघरात, दोन खोकी. कुणाला काही कळत नाहीये त्यांतलं."

"मी येऊ?"

"वाचायला ये." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. डोळ्यांत माफी नव्हती. मी नीट पाहिलं. "वाचायला तू चांगली आहेस. बोलायचं आम्ही बोलू. टेप आणायची नाही."

"बरं."

"आणि ज्या पानाचा अर्थ कळणार नाही, तिथे कळला नाही म्हणायचं."

"म्हणेन."

ती जिना उतरू लागली. तीन पायऱ्यांवर थांबली, कठड्याला धरून. मी हात द्यायला पुढे गेले. तिने हात घेतला नाही. मी एक पायरी मागे उभी राहिले आणि तिचा श्वास परत येईपर्यंत थांबले. वेळ लागला.